‘कंपनीचं खातं होतं, झुरिकमध्ये’: ब्रॉन्स्टन प्रकरणातल्या एका उत्तराचा अभ्यास

१० जून १९६६ रोजी अमेरिकेत एका दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेची चौकशी चालू होती. कंपनी चित्रपट काढणारी, सॅम्युएल ब्रॉन्स्टन प्रॉडक्शन्स. तिचे मालक आणि अध्यक्ष सॅम्युएल ब्रॉन्स्टन शपथेवर साक्ष देत होते. कंपनीचा पैसा कुठे कुठे आहे हे घेणेकऱ्यांना कळावं, एवढाच या सुनावणीचा हेतू होता. एका घेणेकऱ्याचे वकील प्रश्न विचारत होते. त्या दिवशीची नोंद मराठीत आणली तर साधारण अशी होते:

“स्विस बँकांमध्ये तुमची काही खाती आहेत का, मिस्टर ब्रॉन्स्टन?”

“नाही, सर.”

“कधी होती?”

“कंपनीचं एक खातं होतं तिथे, साधारण सहा महिने, झुरिकमध्ये.”

“तुमच्या वतीने स्विस बँकेत खातं ठेवणारं दुसरं कुणी आहे का?”

“नाही, सर.”

“कधी होतं?”

“नाही, सर.”

हे चार प्रश्न आणि चार उत्तरं वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही. पण यातल्या दुसऱ्या उत्तरावरून खोट्या साक्षीचा खटला उभा राहिला. ज्युरीने ब्रॉन्स्टन यांना दोषी ठरवलं, अपिलात न्यायाधीशांमध्येच मतभेद झाले, आणि १० जानेवारी १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती दोषसिद्धी रद्द केली. बोलताना आपण सगळेच काही नियम न सांगता, न ठरवता पाळत असतो. ते नियम इतक्या स्वच्छपणे उघडे पडलेलं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

आधी, ज्या गोष्टींबद्दल पुढे कुठल्याच पक्षाने वाद घातला नाही त्या पाहू. १९५८ ते १९६४ या काळात ही कंपनी युरोपात भव्य ऐतिहासिक चित्रपट काढत होती. माद्रिदजवळ तिचा स्टुडिओ होता आणि प्राचीन रोमचे प्रचंड देखावे तिथे उभे राहत. पैसा अनेक देशांतून फिरत असल्यामुळे खातीही अनेक देशांत होती. एकट्या १९६२ साली पाच देशांत मिळून ३७ खाती होती आणि त्यांच्या व्यवहारांवर ब्रॉन्स्टन यांची देखरेख असे. जून १९६४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली घेणेकऱ्यांशी तडजोड करण्यासाठी अर्ज केला.

याशिवाय जिनिव्हाच्या इंटरनॅशनल क्रेडिट बँकेत ब्रॉन्स्टन यांचं स्वतःच्या नावाचं एक खातं होतं. ते ऑक्टोबर १९५९ ते जून १९६४, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं चालू होतं. त्यात त्यांनी पैसे भरले, त्यावर चेक काढले, आणि ही रक्कम १,८०,००० डॉलरच्या वर जाते. साक्षीच्या वेळी हे खातं बंद होऊन दोन वर्षं झाली होती.

हे लक्षात ठेवून चारही उत्तरं पुन्हा वाचली, तर चारही खरी आहेत. साक्षीच्या दिवशी त्यांचं स्विस बँकेत खातं नव्हतं. कंपनीचं झुरिकमध्ये खातं होतं. त्यांच्या वतीने खातं ठेवणारं कुणी नव्हतं, आधीही नव्हतं. तरी वकील तिथून पुढच्या मुद्द्याकडे वळले ते एक चुकीची समजूत घेऊन: या माणसाचं स्वतःचं स्विस खातं कधीच नव्हतं. कुणीही खोटं वाक्य उच्चारलं नव्हतं, मग ही खोटी समजूत आली कुठून?

ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली, म्हणजे या साक्षीनंतर वर्षभरातच, हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानमालेत याच प्रश्नाची उकल केली होती. ती मांडणी छापून आली १९७५ मध्ये. म्हणजे सर्वोच्च न्यायालय निकाल देत होतं तेव्हा ती प्रसिद्धही झालेली नव्हती. ग्राइस यांचं म्हणणं थोडक्यात असं: संवाद हे दोघांनी मिळून करायचं काम आहे, आणि समोरचा त्या कामाला हातभार लावतोय असं गृहीत धरूनच आपण त्याचं बोलणं ऐकतो. जेवढं लागतं तेवढं तो सांगेल, कमी नाही आणि फार जास्तही नाही. जे खोटं वाटतं किंवा ज्याला आधार नाही ते सांगणार नाही. विषयाला धरून बोलेल. स्पष्ट आणि सरळ बोलेल. या चार अपेक्षा म्हणजे शिष्टाचाराचा तक्ता नव्हे. त्या ऐकणाऱ्याच्या हातातली हत्यारं आहेत, कारण बोलणाऱ्याने न उच्चारलेला भाग तो त्यांच्याच मदतीने भरून काढतो.

“जेवून जाणार ना?” या प्रश्नावर पाहुण्याने “घरी आई वाट बघतेय” असं म्हटलं, तर नकार मिळाला हे यजमानाला कळतं. पाहुण्याने ‘नाही’ हा शब्द उच्चारलेलाच नाही. पण तो विषय सोडून आईबद्दल बोलला असेल असं यजमान मानत नाही. उत्तर प्रश्नालाच आहे असं धरतो, आणि मधली पायरी स्वतः चढतो.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. शाळेच्या मराठी व्याकरणात अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती आपण शिकलो. ध्वनीचा, म्हणजे शब्दांतून सुचणाऱ्या अर्थाचा, सिद्धान्त मांडणाऱ्या आनंदवर्धनांनी नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसून जे उदाहरण दिलं, ते महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीतलं, आपल्या गोदावरीकाठचं. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते, आता खुशाल फिर, तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला गोदेच्या झाडीतल्या सिंहाने मारलं. शब्दांनी परवानगी दिली आहे, पण ऐकणाऱ्याला कळायचं ते हे की त्या झाडीकडे फिरकू नकोस. परवानगीतून मनाई ऐकू येते ती शब्दकोशातून नव्हे. असं सांगण्यामागे काय असेल, या विचारातून ती येते.

ब्रॉन्स्टन यांचं उत्तर वकिलांच्या कानात कसं उलगडलं, ते हळूहळू पाहू. प्रश्न होता, पूर्वी कधी तुमची खाती होती का. सरळ उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. साक्षीदाराने दोन्ही दिलं नाही, कंपनीच्या खात्याचा उल्लेख केला. ऐकणारा मनात हिशेब करतो: माणूस शपथेवर आहे आणि प्रश्न त्याच्या स्वतःच्या खात्यांचा आहे. स्वतःचं खातं असतं तर तेच आधी सांगितलं असतं, कारण प्रश्नाला ते जास्त जवळचं होतं. ते सोडून कंपनीचं सांगतोय, याचा अर्थ स्वतःचं सांगण्यासारखं काही नाही. शिवाय न विचारलेली कंपनीही तो आपणहून सांगतोय, म्हणजे हात राखून बोलत नाहीये. हा सगळा हिशेब क्षणार्धात होतो. तो केला आहे हे करणाऱ्यालाही जाणवत नाही, आणि नंतर त्याला विचारलं तर तो शपथेवर सांगेल की साक्षीदार ‘नाही’ म्हणाला.

मला या उत्तरात सगळ्यात परिणामकारक वाटतो तो त्याचा शेपटाचा भाग: साधारण सहा महिने, झुरिकमध्ये. अवधी किंवा शहर कुणी विचारलं नव्हतं. हा तपशील खराच होता आणि गरजेपेक्षा जास्त होता. एका बाजूला मोकळ्या हाताने माहिती दिली की दुसऱ्या बाजूची टंचाई झाकली जाते. नुसतं “कंपनीचं होतं” एवढंच उत्तर आलं असतं, तर वकिलांच्या तोंडून कदाचित “आणि तुमचं?” असं निघून गेलं असतं. शहराचं नाव आणि महिन्यांचा आकडा ऐकल्यावर उत्तर पूर्ण झाल्यासारखं वाटतं. तपशील देणारा माणूस प्रामाणिक असतो ही समजूत आपल्या सगळ्यांच्या हाडात मुरलेली आहे, आणि बहुतेक वेळा ती बरोबरही ठरते.

आता वकिलांचा प्रश्न पाहू, कारण या प्रकरणावर बोलताना सगळं लक्ष उत्तराकडे जातं आणि प्रश्न सुटून जातो. “कधी होती?” या प्रश्नात खातं नाही, बँक नाही, देश नाही. हे सगळं मागच्या वाक्यातून साक्षीदाराने उचलायचं आहे. म्हणजे वकीलही न बोललेल्या गोष्टींवर विसंबूनच प्रश्न विचारत होते. समोरचा गाळलेले शब्द बरोबर भरेल हा त्यांचा विश्वास होता. प्रश्न विचारणाऱ्याने अर्धं बोलायचं, ऐकणाऱ्याने उरलेलं भरायचं, मग त्याने अर्धं उत्तर द्यायचं आणि पहिल्याने ते पूर्ण करायचं. रोजचं बोलणं असंच चालतं, आणि असं चालतं म्हणूनच ते भराभर होतं. ब्रॉन्स्टन यांनी जी फट वापरली ती या अर्ध्या प्रश्नातच होती. ‘तुमची’ म्हणजे माझी की माझ्या कंपनीची, असा संशय त्यांना खरोखर आला असेल का? सुनावणी कंपनीच्या मालमत्तेची होती. तेव्हा ही शक्यता अगदीच फेकून देण्यासारखी नाही, आणि पुढे न्यायालयाच्या मनातही ती राहिली. मला ती पटत नाही. कंपनीचं खातं असं त्यांनी वेगळं काढून सांगितलं, यावरूनच प्रश्न कंपनीबद्दल नव्हता हे त्यांना कळलं होतं असं दिसतं.

आणखी एक गोष्ट कागदावर लगेच दिसते. चारपैकी तीन उत्तरं अगदी एकाच साच्याची आहेत: नाही, सर. जिथे खरं उत्तर ‘नाही’ होतं तिथे ते दोन शब्दांत आलं. एकाच ठिकाणी साचा बदलला, आणि नेमकं तिथेच खरं उत्तर ‘हो’ होतं. कागदावर वाचताना हे डोळ्यांना खुपतं. पण त्या खोलीत समोरासमोर बसून पुढच्या प्रश्नाची जुळवाजुळव करणाऱ्या माणसाच्या कानाला ते खुपलं नाही, यात मला वकिलांचा निष्काळजीपणा दिसत नाही. काळा कोट चढवला म्हणून सहकार्य गृहीत धरण्याची जन्मभराची सवय उतरत नाही.

सरकारने खोट्या साक्षीचा आरोप ठेवला तेव्हा त्याचा युक्तिवाद हाच होता: उत्तर अक्षरशः खरं असेल, पण त्यातून निघणारा अर्थ खोटा होता, आणि तो निघावा म्हणूनच तसं उत्तर दिलं गेलं. खटल्याच्या न्यायाधीशांनी ज्युरीला समजावताना एक उदाहरण दिलं. एखाद्याला विचारलं की त्या दिवशी तू दुकानात किती वेळा गेलास, आणि प्रत्यक्षात तो ५० वेळा गेलेला असताना त्याने ‘पाच वेळा’ असं सांगितलं. तो पाच वेळा गेला होता हे तांत्रिकदृष्ट्या खरंच आहे, कारण ५० वेळा जाणारा पाच वेळाही गेलेलाच असतो. तरी ती खोटी साक्ष ठरू शकते. ज्युरीने दोषी ठरवलं. मला यात नवल वाटत नाही. ज्युरीत बसलेली माणसं घरी, दुकानात, कामावर ज्या कानांनी ऐकत होती त्याच कानांनी त्यांनी हे उत्तर ऐकलं. अपील न्यायालयानेही बहुमताने निकाल कायम ठेवला.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिला. उत्तरातून वैयक्तिक खातं कधीच नव्हतं असा अर्थ सुचतो, हे त्यांनी नाकारलं नाही. उलट, साध्या गप्पांमध्ये असा अर्थ काढणं वाजवी ठरेल असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण इथे साध्या गप्पा चाललेल्या नाहीत, आणि आपल्याला खरी वाटत नाही अशी गोष्ट नुसती सुचवणं हा कायद्याने गुन्हा ठरवलेला नाही. साक्षीदार चुकवतोय हे ओळखणं आणि त्याला मुद्द्यावर परत आणणं हे वकिलाचं काम आहे. खोदून, टोचून, पुन्हा पुन्हा विचारणं हेच तर उलटतपासणीचं स्वरूप. अक्षरशः खऱ्या पण प्रश्नाला न भिडणाऱ्या उत्तरावरचा इलाज म्हणजे विचारणाऱ्याची तल्लख नजर. त्यासाठी फौजदारी खटला नको.

हा निकाल पुढे कधी कधी असा सांगितला जातो की ब्रॉन्स्टन खोटं बोलले नाहीत असं न्यायालयाने म्हटलं. न्यायालयाने त्यांना प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही. धूर्त साक्षीदाराने विचारणाऱ्याला रुळावरून घसरवलं तरी तेवढ्यावरून गुन्हा होत नाही, एवढंच म्हटलं. हा फरक महत्त्वाचा आहे, आणि त्या मर्यादेत मला निकाल योग्य वाटतो. तुरुंगात पाठवण्याचा आधार माणसाने काय म्हटलं हा असावा. ऐकणाऱ्याने मनात काय पूर्ण केलं यावर शिक्षा ठरू लागली, तर भेदरलेला, गोंधळलेला, प्रश्न नीट न समजलेला साक्षीदारही अडकेल. उद्या कुणी साक्षीला उभं राहायलाच धजणार नाही.

दुकानाच्या उदाहरणावर मात्र न्यायालयाने एका तळटीपेत जे म्हटलं, ते मला अख्ख्या निकालात सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘पाच वेळा’ हे उत्तर प्रश्नाला थेट भिडतं. आपल्याला बाजूला नेलं जातंय असं विचारणाऱ्याला जाणवावं, अशी एकही खूण त्यात नाही. ब्रॉन्स्टन यांच्या उत्तरात ती खूण होती: विचारलं एकाबद्दल, आलं दुसऱ्याबद्दल. म्हणजे सूचनेतून होणाऱ्या फसवणुकीचे दोन प्रकार झाले. एकात सांधा उघडा दिसतो, लक्ष देणाऱ्याला पकडता येतो. दुसऱ्यात सांधाच नसतो. ग्राइस यांनी नियम उघडपणे मोडणं आणि गुपचूप मोडणं असा फरक केला होता. “नवे मास्तर कसे शिकवतात?” असं विचारल्यावर कुणी “वेळेवर येतात हो” म्हणालं, तर नियम उघड मोडलेला असतो. दोघांनाही ते माहीत असतं आणि अर्थ पोचतो. ब्रॉन्स्टन यांचा प्रकार गुपचूप मोडण्याचा. पण तिथेही कागदावर खूण राहिली, आणि तिनेच त्यांना वाचवलं.

मराठी वाचकाला इथे युधिष्ठिर आठवल्याशिवाय राहणार नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ हे आपण कुठल्याही गुळमुळीत उत्तराला म्हणतो. पण या तळटीपेच्या कसोटीवर ते प्रकरण घासलं की ते ब्रॉन्स्टनपेक्षा कठोर निघतं. द्रोणांनी विचारलं होतं, माझा अश्वत्थामा मेला का. इतर कुणाच्या शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता, युधिष्ठिराच्या शब्दावर होता. ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्याने आलं, हत्तीचा उल्लेख ऐकू न येईल असा पुटपुटला गेला. कीर्तनकार तर त्याच क्षणी शंख वाजवतात. म्हणजे फसवणूक पकडायची खूण ठेवलीच नाही, ठेवली ती ऐकू येणार नाही अशी ठेवली. पुन्हा विचारायला संधीही नव्हती, कारण द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. बर्गर यांच्या नियमानेही हे उत्तर सुटणं कठीण होतं. व्यासांनी तर सोडलंच नाही: जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या वाक्यानंतर भुईला टेकला. शब्द खरे असल्याचा कसलाही फायदा तिथे दिला गेला नाही.

अमेरिकेतही ब्रॉन्स्टनचा नियम सगळीकडे तसाच चालला नाही. १९९८ साली केंटकी राज्याच्या नॅशनल गार्डच्या, म्हणजे तिथल्या राखीव सैन्यदलाच्या, एका माजी प्रमुखाचं प्रकरण अपील न्यायालयात आलं. १९९० मध्ये एका अधिकाऱ्याच्या घरी मोठी मेजवानी झाली होती आणि तिथे राजकीय निधी गोळा केल्याचा आरोप होता. चौकशी अधिकाऱ्याने प्रश्न विचारताना चुकून १९९१ साल म्हटलं. साक्षीदाराने उत्तर दिलं, तिथे निधी अजिबात गोळा झाला नाही. १९९१ पुरतं ते खरं होतं. न्यायालयाने मात्र दोषसिद्धी कायम ठेवली, कारण आजूबाजूच्या सगळ्या बोलण्यावरून कुठल्या मेजवानीबद्दल विचारलंय हे साक्षीदाराला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचं उत्तर त्या प्रश्नाला थेट भिडणारं होतं. इथे दोघांमधली न बोललेली समजूतच पुरावा म्हणून उभी राहिली. हे दोन निकाल शेजारी ठेवले की थोडं अवघडल्यासारखं होतं. तरी सांध्याची कसोटी दोन्हीकडे लागू पडते: केंटकीच्या उत्तरात पकडण्यासारखी फट नव्हती.

न्यायालयातून बाहेर येऊन रोजच्या बोलण्याकडे पाहिलं की हीच रचना पावलोपावली भेटते, आणि बहुतेक वेळा तिच्यामागे कावा नसतो. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, “आजी, गोळ्या चालू आहेत ना?” आजी सांगतात, “बीपीची रोज सकाळी घेते हो, चहाच्या आधी.” डॉक्टरांना दोन्ही गोळ्या चालू आहेत असं वाटतं. साखरेची गोळी तीन आठवड्यांपूर्वी संपलेली असते, मुलगा पगार झाल्यावर आणणार असतो, आणि हे चारचौघांत सांगायचं आजींना जिवावर आलेलं असतं. उत्तराचा साचा हुबेहूब ब्रॉन्स्टन यांचा: विचारलं त्यातला सांगता येण्याजोगा भाग सांगितला, वर ‘चहाच्या आधी’ हा विश्वास बसेलसा तपशील. पण आजींना कुणाला फसवायचं नाहीये. त्या आपली अडचण झाकतायत. म्हणून अनुभवी डॉक्टर “आणि साखरेची?” असं विचारतात, आणि आवाज असा ठेवतात की आजींना तो रागावल्यासारखा वाटू नये. बर्गर यांनी वकिलावर टाकलेली जबाबदारी हे डॉक्टर आपणहून घेतात. ती त्यांना घेता येते, कारण दवाखान्यात दुसरा प्रश्न विचारणं अपमानाचं नसतं.

घरात तसं नसतं. बर्गर यांचा नियम घरी आणता येत नाही, असं मी म्हणतो ते यामुळेच. न्यायालयात पुन्हा विचारणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, कुणी त्याला दोष देत नाही. घरात पुन्हा विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. “उलटतपासणी घेतोस का माझी?” हे वाक्य मराठी घरात भांडणाच्या सुरुवातीलाच येतं. म्हणजे चुकवलेल्या उत्तरावरचा जो इलाज न्यायालयाने सांगितला, तोच घरातल्या माणसाच्या हातातून काढून घेतलेला असतो. त्याला पहिल्याच उत्तरावर विसंबावं लागतं. म्हणून तिथे पहिलं उत्तर पूर्ण देण्याची जबाबदारी बोलणाऱ्याची, आणि ती न्यायालयातल्या साक्षीदारापेक्षा जास्त आहे. शपथ नाही म्हणून ती हलकी होत नाही.

वडिलांच्या माघारी दोन भावांचं समाईक रान आहे असं धरू. थोरला गावी कसतो, धाकटा पुण्यात नोकरीला. धाकटा सणाला आला असताना विचारतो, “दादा, रानावर कर्ज वगैरे काही आहे का?” दादा म्हणतो, “सोसायटीचं सगळं मार्चमध्ये फेडलं.” महिना सांगितला, संस्था सांगितली, आणि ते खरंही आहे. धाकटा निश्चिंत होतो. विहिरीसाठी आणि पाइपलाइनसाठी बँकेतून काढलेलं कर्ज तसंच उभं असतं. पुढे ते कळतं तेव्हा दादा अगदी मनापासून म्हणतो, “मी खोटं कुठे बोललो? तू सोसायटीचं विचारलंस, मी सांगितलं.” धाकट्याने सोसायटीचं विचारलंच नव्हतं. दादालाही आता तसं आठवत नाही, कारण स्वतःच्या उत्तराला जुळेल असा प्रश्न त्याच्या मनाने नंतर तयार केलेला असतो.

दादाने हे का केलं असेल? बहुधा लोभाने नाही. कर्ज काढलं तेव्हा भावाला विचारायला हवं होतं, ते राहून गेलं, आणि नंतर सांगणं अवघड होत गेलं. ते अवघडलेपण मी समजू शकतो. ‘मी खोटं बोललो नाही’ हा बचाव मात्र मला मान्य नाही. तो बचाव अशा खोलीतला आहे जिथे समोर वकील बसलेला असतो आणि हवे तेवढे प्रश्न विचारायची त्याला मुभा असते. सण करायला घरी आलेल्या भावाला ती नव्हती.

यानंतर धाकटा भांडणार नाही कदाचित. तो तलाठ्याकडून सातबारा काढेल, इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा वाचेल, आणि पुढच्या खेपेला दादाने खताचा खर्च सांगितला की पावती मागेल. दादा म्हणेल, “सोयाबीनचे पैसे जमा झालेत.” धाकटा विचारेल, “आणि तुरीचे?” दादा सांगेल. धाकटा पुन्हा विचारेल, “सगळे?”